थेटरात झोपायला येणारी माणसं

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून पठ्ठे बापूराव मार्गानं, म्हणजे जुन्या फॉकलंड रोडनं, थोडं चाललं की पिला हाऊस लागतं. तिथं पिवळं असं काही नाही. एकोणिसाव्या शतकात या भागात नाटकांची थेटरं उभी राहिली, साहेबाच्या 'प्ले हाऊस'चं लोकांनी पिला हाऊस करून टाकलं, आणि नाटकं गेली तरी नाव राहिलं. आल्फ्रेड त्यातलंच एक. रिपन या नावानं ते नाटकांसाठी सुरू झालं, पुढे त्यात पडदा लागला, आणि मग वर्षानुवर्षं जुने हिंदी सिनेमे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, मे महिन्यात, या नाक्यावरच्या एका थेटरात मी दुपारचा खेळ बघायला गेलो होतो. दिवे गेल्या गेल्या शेजारच्या माणसानं चपला काढून पिशवीत घातल्या, पिशवी मानेखाली घेतली आणि मला म्हणाला, "भाईसाब, खतम होने पे उठा देना." पडद्यावर मारामारी ऐन रंगात होती आणि पुढच्या तीन रांगांतली निम्मी डोकी कललेली होती. डोअरकीपर टॉर्च घेऊन फिरत होता, पण उजेड जमिनीवरच ठेवत होता. कुणाच्या तोंडावर मारत नव्हता. ही माणसं हातगाडी ओढणारी, हमाली करणारी, रात्रपाळी करून आलेली. एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीनं झोपणार. ज्याची पाळी नाही त्यानं दुपारी पडायचं कुठं? तिकिटाच्या पैशात डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची आणि तीन तास कुणी हटकणार नाही याची खात्री. सिनेमा त्यावर फुकट.

जुनी थेटरं वाचवा, असा गलका उठला की मला तो माणूस आठवतो. कारण या वादात सगळेच सिनेमाबद्दल बोलत असतात. मालक म्हणतो, सिनेमा चालत नाही, मला पाडू द्या. हळहळणारे म्हणतात, इथं आम्ही अमुक सिनेमा तमुक वेळा पाहिला, पाडू नका. सरकार म्हणतं, पाडा, पण नव्या इमारतीत सिनेमा ठेवा. माझं म्हणणं असं की सिनेमा हा त्या वास्तूतला एक भाडेकरू होता. बराच काळ राहिलेला आणि भाडं नियमित देणारा, पण भाडेकरूच. जपण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: रस्त्यावर उघडणारी खिडकी, तिथं थोडे पैसे सरकवले की मिळणारी एक खुर्ची, आणि आपण कोण, कुठले हे न विचारता शेकडो परक्या माणसांत बसू देणारा अंधार. ही सोय वस्तीत दुसरीकडे कुठं आहे सांगा. देवळात जात-धर्म आडवा येतो, लग्नाच्या हॉलला आमंत्रण लागतं, मॉलच्या दारावरचा माणूस चपला बघतो.

'थेटराचा मूळ उपयोग' असं काही असतं, हीच कल्पना आपल्याकडच्या इतिहासाला धरून नाही. नाशिकचं विजयानंद घ्या. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या याच थेटरात, 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला. पुढे त्याच विजयानंदमध्ये सिनेमे चालले. पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या विजय टॉकीजचं जुनं नावच लिमये नाट्य-चित्र मंदिर. बांधणाऱ्यानं पाटीवरच दोन्ही दगडांवर पाय ठेवला होता, आणि शहाणपणानं ठेवला होता.

गिरगावात तर हा खेळ एका चकरेत दिसतो. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण त्या वेळच्या जाहिरातीत नुसता सिनेमा नव्हता. जोडीला नाच होता, विनोदी प्रवेश होता आणि पायांनी कसरती करून दाखवणारा एक गडी होता. म्हणजे ज्याला आपण भारतीय सिनेमाचा जन्म म्हणतो, तो एका मिश्र करमणुकीच्या कार्यक्रमातला एक नंबर होता. मूकपटाच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबलावाले बसत. म्हणजे ज्या रात्री सिनेमा, त्या रात्री मैफलही. १४ मार्च १९३१ ला तिथून जवळच्याच मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, चार आण्यांचं तिकीट चार रुपयांना गेल्याचे किस्से झाले आणि पेटी-तबलावाल्यांची नोकरी गेली. आज कॉरोनेशन नाही. मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे. तिसरं ऑपेरा हाऊस. ते वाचलं, त्याच्याबद्दल पुढं बोलू.

मग अडचण कुठं झाली? इतकी रूपं बदललेली थेटरं गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच का गपगार झाली? लोक आळशी झाले, मोबाइल आला, ओटीटी आला, हे अर्धंच उत्तर. वस्तीतलं थेटर जगायचं ते एका उतरंडीवर. नवा सिनेमा आधी मोठ्या थेटरात, तिथला जोर ओसरला की उपनगरात, मग तालुक्याला, मग जत्रेतल्या तंबूत. प्रिंट महाग असायची, म्हणून मोजक्याच निघायच्या. दोन थेटरांत मिळून एकच प्रिंट असली तर पहिल्या थेटरातलं रीळ संपलं की डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून पोऱ्या दुसरीकडे धावायचा. रस्त्यात फाटक लागलं तर तिथलं मध्यंतर लांबायचं. पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि वडे जास्त खपायचे. या उतरंडीत वस्तीतल्या थेटराला सिनेमा उशिरा मिळायचा, पण स्वस्तात मिळायचा, आणि वाट बघायची सवय असलेला प्रेक्षक त्याचा हक्काचा होता. २००५ नंतर उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवरून सिनेमा पोचायला लागला, तशी ही उतरंडच मोडली. एकाच शुक्रवारी सगळीकडे सगळंच. पहिल्या तीन दिवसांत धंदा झाला तर झाला. आठशे-हजार खुर्च्यांचं एकच दालन असलेल्या माणसाला सिनेमा पडला तर दुसरा पर्याय नाही. मल्टिप्लेक्सवाला तोच सिनेमा शंभर खुर्च्यांच्या पडद्यावर सरकवून मोकळा होतो.

त्यात करमणूक शुल्क. जीएसटी यायच्या आधी महाराष्ट्रात ते ४५ टक्क्यांवर होतं. नव्या शतकाच्या सुरुवातीला मल्टिप्लेक्स यावीत म्हणून सरकारनं त्यांना पहिल्या काही वर्षांची करमाफी दिली. शेजारी जुनं थेटर पूर्ण शुल्क भरत होतं. ही शर्यत ज्यानं लावली त्यानंच पुढे 'एकपडदा चित्रपटगृहांची दुरवस्था' म्हणून चिंता व्यक्त करायची, याला काय म्हणावं. आता शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला आहे. चांगलंच झालं, पण शंभराच्या आतलं तिकीट लावणारी थेटरं तोवर बहुतेक बंद पडली.

आता त्या अटीकडे येऊ. चित्रपटगृहाची जागा नव्यानं विकसित करायची तर नव्या इमारतीत मूळ आसनांच्या काही हिश्श्याचं चित्रपटगृह ठेवलं पाहिजे, अशी अट आपल्याकडे आहे. हेतू वाईट नाही. ती नसती तर बिल्डरांनी केव्हाच सगळी थेटरं गिळली असती. ती काढून टाका, ही मालकांच्या संघटनेची जुनी मागणी. यात मी कुणाच्याच बाजूचा नाही. अट हवी, पण ही नको. या अटीनं दोनच गोष्टी होतात. एक तर मालक कुलूप लावून बसतो, कारण सिनेमा चालवून तोटा आणि पाडून पुन्हा सिनेमाच. छप्पर गळतं, कबुतरं राहायला येतात, आणि एक दिवस पालिकेची 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लागली की सगळ्यांचीच सुटका. नाहीतर मोठा बिल्डर येतो, टॉवर उभा करतो आणि सातव्या मजल्यावर लिफ्टनं जायचं एक चकचकीत छोटं थेटर काढतो. कागदावर चित्रपटगृह जपलं गेलं. खिडकी मात्र रस्त्यावरून गेली, आणि खिडकी गेली तिथं चपला पिशवीत घालणारा माणूसही गेला. कायद्यानं सिनेमा सांभाळला आणि थेटर हातचं गेलं.

दक्षिण मुंबईतल्या तीन वास्तू सध्या कौतुकाच्या आहेत. १९३८ चं इरॉस: पूर्वी हजाराहून जास्त माणसं बसायची, आत पाडापाडी सुरू झाली तेव्हा बरीच ओरड झाली, आता तिथं तीनशेच्या आसपास खुर्च्यांचं आयमॅक्स आहे आणि खाली दुकान. १९४९ चं लिबर्टी: रोजचे खेळ बंद पडले तरी महोत्सव, मैफली, कार्यक्रम यांना भाड्यानं देत मालकांनी लाकूडकाम आणि नक्षीसकट ते राखलं. आणि आपलं ऑपेरा हाऊस. पंचम जॉर्जनं १९११ मध्ये, बांधकाम पुरं व्हायच्या आधीच, उद्घाटन केलेलं. ऑपेरासाठी बांधलेलं, मग बालगंधर्वांच्या आणि पृथ्वीराज कपूरच्या नाटकांचं, मग सिनेमाचं, १९९३ ला बंद, तेवीस वर्षं कुलूप, आणि २०१६ मध्ये आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार करून पुन्हा उघडलेलं. पुढच्या वर्षी त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. बघून डोळे निवतात, खोटं कशाला बोलू. पण मी तिथं दोन-तीनदा गेलो, आणि एकदाही शेजारच्या गल्लीतलं ओळखीचं तोंड दिसलं नाही. गिरगावातल्या चाळींपासून चालत दहा मिनिटांवर असलेलं थेटर गिरगावचं राहिलेलं नाही. वास्तू वाचणं आणि थेटर वाचणं या दोन गोष्टी आहेत, हे मला तिथल्या लाल गादीवर बसून कळलं.

शिवाय ही तिन्ही नावाजलेली. वारशाच्या यादीत त्यांना जागा मिळते, वास्तुविशारद मिळतात, पैसे घालणारा महाराजा किंवा उद्योगसमूह मिळतो. वस्तीतल्या थेटराला हे काही नाही. त्याच्या दर्शनी भागावर नक्षी नसते, सिमेंटच्या जाळ्या असतात. लालबागचं भारतमाता हे त्यातल्या त्यात नशीबवान. गिरण्यांची पाळी सुटायच्या वेळा आणि खेळाच्या वेळा जिथं एकमेकींना धरून असायच्या, त्या वस्तीतलं ते थेटर. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, भोंगे थांबले, आणि प्रेक्षकच उखडला गेला. जमीन गिरणीची, म्हणून पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. जागा रिकामी करण्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. मराठी कलावंत आणि लालबागकर पाठीशी उभे राहिले म्हणून ते नाव टिकलं. पण प्रत्येक वस्तीत असा मोर्चा निघत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते अटीतला 'चित्रपटगृह' हा शब्द काढून 'सार्वजनिक प्रेक्षागृह' हा शब्द घालावा, आणि अट सैल करण्याऐवजी वेगळ्या जागी घट्ट करावी. आत काय चालवायचं हे मालकानं ठरवावं: सकाळी अभ्यासिका, दुपारी जुना सिनेमा, संध्याकाळी नाटक किंवा भजनाचा डबलबारीचा सामना, विश्वचषकाच्या दिवशी मोठ्या पडद्यावर क्रिकेट. पण तळमजल्यावर, रस्त्यावरून थेट आत जाता येईल असं दार हवं. वर्षातले निदान निम्मे दिवस तिकीट काढून कुणालाही आत येता आलं पाहिजे. आणि काही खुर्च्यांचा दर इतका असावा की वडापाव आणि चहा यांच्या पुढं जाऊ नये. एवढं पाळलं तर जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, द्या, मालमत्ता कर कमी करा, वीज घरगुती दरानं द्या. नाही पाळलं तर काढून घ्या.

आज हे करू म्हटलं तरी करता येत नाही. चित्रपटगृहाचा परवाना १९५३ च्या कायद्याखाली, १९६६ च्या नियमांप्रमाणे. नाटक करायचं तर वेगळा परवाना, वेगळी खिडकी. पडदा तोच, खुर्च्या त्याच, बाहेर पडायचे दरवाजे तेच. पण मंगळवारी सिनेमा आणि बुधवारी नाटक म्हटलं की दोन फायली. परवाने कडक असावेत, याबद्दल वाद नाही. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहारमध्ये ५९ माणसं गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं. तपासायचं तर दरवाजे, वायरिंग, पाण्याची टाकी तपासा, दरवर्षी तपासा. पडद्यावर आज राम आहे की तमाशा, याचा आगीशी काय संबंध?

मिश्र वापर चालत नाही, असं कुणी म्हणालं तर मी त्याला दादरच्या छबिलदास शाळेची आठवण देतो. १९७४ पासून दीड-दोन दशकं दिवसा तिथं पोरं पाढे म्हणत आणि रात्री त्याच शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेची नाटकं व्हायची. प्रायोगिक रंगभूमीला अख्ख्या चळवळीचं नाव मिळालं ते एका शाळेच्या हॉलवरून. तो हॉल कुणी नाटकासाठी बांधला नव्हता, आणि शाळेचंही काही बिघडलं नाही. गैरसोय झाली असेल ती खुर्च्या लावणाऱ्यांची आणि उचलणाऱ्यांची.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला टाळता येत नाही. 'सार्वजनिक प्रेक्षागृह' म्हटलं की त्याचा लग्नाचा हॉल होणार. आपल्याकडे बहुउद्देशीय सभागृह या शब्दाचा अर्थ शेवटी पनीर आणि डीजे. लग्नात पैसा आहे, नाटकात नाही, हे साधं गणित आहे. म्हणूनच मी दिवस मोजायला सांगतो. लग्नं लावा, खुशाल लावा, त्या पैशावर बाकीचे दिवस चालवा. पिटातल्या माणसाच्या तिकिटाचा भार बाल्कनीनं उचलावा, हे थेटराचं गणित तसं जुनंच. फक्त तिकीट खिडकी उघडी राहिल्याचे दिवस दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहा. वस्तीतली माणसं मोजतील, इन्स्पेक्टरपेक्षा बरं मोजतील.

दुसरा आक्षेप: खासगी मालकावर हे का लादायचं? कारण थेटराची जागा पूर्णपणे खासगी कधीच नव्हती. तिथं काय दाखवायचं, किती वाजेपर्यंत, मराठी सिनेमाला वर्षात किती खेळ द्यायचे, हे सरकार आधीपासून सांगत आलं आहे. आणि लोकही सांगत आले आहेत. १९७१ मध्ये 'सोंगाड्या' हा मराठी सिनेमा लावावा म्हणून दादरच्या कोहिनूर थेटरावर शिवसेना उतरली, ती पद्धत कुणाला पटो न पटो, पण मालकाच्या दारावर आपला हक्क आहे असं त्या वस्तीला वाटत होतं, एवढं त्यातून दिसतं. चाळीस-पन्नास वर्षं वस्तीच्या नाण्यांवर चाललेली जागा विकताना वस्तीनं काही मागितलं, तर त्यात अन्याय मला दिसत नाही. मालकाचा तोटा होऊ नये, हे मान्य. म्हणूनच करात सूट.

आणखी एक म्हणणं मित्रांकडून ऐकतो: झोपायला येणाऱ्यांसाठी थेटर कशाला, रात्रनिवारे बांधा. बांधा ना. पण निवाऱ्यात नाव लिहावं लागतं, ओळखपत्र दाखवावं लागतं, गरीब म्हणून आत जावं लागतं. थेटरात तो माणूस गिऱ्हाईक म्हणून आत यायचा. तिकिटाचा अर्धा तुकडा त्याच्या खिशात असायचा.

मी राहतो तिथलं थेटर टाळेबंदीत बंद झालं ते उघडलंच नाही. नाव सांगत नाही, मालक भला माणूस आहे आणि आधीच बेजार आहे. गेल्या महिन्यात वॉचमननं मला आत नेलं. खुर्च्यांच्या पाठीवरचे पत्र्याचे नंबर अजून शाबूत आहेत, पडद्याच्या खालच्या कोपऱ्याला वाळवी लागली आहे, प्रोजेक्टरच्या खोलीत कबुतरांनी घर केलं आहे. दर्शनी काचेत दरांचा बोर्ड तसाच: बाल्कनी ८०, स्टॉल ६०. बाहेर आलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पोर्चच्या सावलीत, बंद तिकीट खिडकीखाली, दोन हातगाडीवाले पुठ्ठे अंथरून झोपले होते. वॉचमन त्यांना ओलांडून गेला, उठवलं नाही. मग त्यानं आतल्या सातशे खुर्च्यांना कुलूप लावलं.